किल्ल्या कोणाच्या हाती?

संशोधन, विकास आणि नवोपक्रम यांसाठी एक लक्ष कोटी रुपयांचा निधी उभारण्याच्या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ रोजी मान्यता दिली आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबर रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिचा प्रारंभ झाला. रकमेचा आकडा डोळे दिपविणारा आहे आणि त्याचे स्वागत सर्वत्र झाले, हे योग्यच होय. परंतु तिजोरी किती मोठी, या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा दुसरा एक प्रश्न आहे, आणि त्याची चर्चा आमच्या भागात अद्याप कोणी केलेली दिसत नाही. तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्या हाती राहणार, ती माणसे कोण आणि ती कोणत्या मुशीतून घडलेली आहेत, हा तो प्रश्न होय.

या योजनेत पैसा थेट सरकारी खात्यातून उद्योजकाच्या हाती पडावयाचा नाही. अर्थखाते पन्नास वर्षांच्या बिनव्याजी कर्जाच्या रूपाने तो अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानास देणार. प्रतिष्ठान तो दुसऱ्या पायरीवरील निधी-व्यवस्थापकांकडे सोपविणार. आणि हे व्यवस्थापक तो अल्प व्याजाचे दीर्घ मुदतीचे कर्ज म्हणून अथवा भागभांडवल म्हणून कंपन्यांत गुंतविणार. ही अनुदानाची खिरापत नव्हे. म्हणूनच निवड करणाऱ्याच्या बुद्धीवर सारे अवलंबून आहे. पेढीचा अधिकारी कर्ज देताना तारण पाहतो, मागील तीन वर्षांचे ताळेबंद पाहतो. प्रयोगशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कल्पनेला तारणही नसते आणि ताळेबंदही नसतो. तेथे पारख करावयाची ती विज्ञानाची आणि ते विज्ञान तडीस नेऊ पाहणाऱ्या माणसाची. ज्याने कधी प्रयोग फसलेला पाहिला नाही, त्याला फसलेला प्रयोग आणि फसवा प्रयोग यांतील भेद कळावा कसा?

या धंद्याचा इतिहास हेच सांगतो. जोखीम-भांडवलाची पहिली मोठी संस्था, अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन, १९४६ साली बोस्टन येथे स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन हे पदार्थवैज्ञानिक होते. राल्फ फ्लँडर्स हे यंत्रनिर्मितीच्या कारखान्यात हयात घालवून मग तेथील मध्यवर्ती पेढीच्या शाखेचे अध्यक्ष झालेले गृहस्थ होते. आणि तिचा कारभार पाहणारे जॉर्ज डोरिओ हे हार्वर्डचे प्राध्यापक असून युद्धकाळात त्यांनी सैनिकांच्या साधनसामग्रीविषयक संशोधनाची धुरा वाहिली होती. विज्ञान, कारखाना आणि कारभार अशा तीन अनुभवांचा हा संगम होता. याच संस्थेने १९५७ साली दोन तरुण अभियंत्यांच्या डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत सत्तर हजार डॉलर घातले आणि पुढील दहा-बारा वर्षांत त्या हिश्श्याची किंमत कोट्यवधी डॉलरांवर गेली. १९७२ साली कॅलिफोर्नियात जी क्लायनर-पर्किन्स पेढी निघाली, तिचे यूजीन क्लायनर हे फेअरचाइल्ड ही अर्धसंवाहकांची कंपनी उभारणाऱ्या आठ जणांपैकी एक, तर टॉम पर्किन्स हे ह्यूलेट-पॅकार्डच्या संगणक विभागात कसलेले. जनुक-तंत्रावर उभ्या राहिलेल्या जेनेंटेक कंपनीस १९७६ साली पहिले भांडवल याच पेढीने दिले. सावकारी हिशेबाने चालणारा मनुष्य त्या वेळी तेथे असता, तर ते दार उघडलेच नसते.

उदाहरणासाठी अमेरिकेतच जावयास हवे असेही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आश्रयाने २००७ साली ‘व्हेंचर सेंटर’ हे विज्ञानाधिष्ठित नवोद्योगांचे संगोपनगृह उभे राहिले. त्याची धुरा वाहणारे डॉ. व्ही. प्रेमनाथ हे मुंबईच्या आयआयटीतून आणि मॅसॅच्युसेट्समधून रसायन-अभियांत्रिकी शिकून आलेले, बहुवारिकांवर स्वतः संशोधन केलेले वैज्ञानिक आहेत. संशोधकाने बाजाराकडे पाहावे, हा विचार त्या प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर १९८९ पासून संचालक असताना रुजविला गेला होता. आधी मशागत झाली आणि मग पेरणी झाली, म्हणूनच पीक आले.

पुण्यात जे घडले ते नांदेड-लातुरात का घडले नाही? येथे विज्ञान नव्हते, असे कोणी म्हणेल तर ते आम्ही मान्य करणार नाही. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रात निपजलेला ‘नांदेड-४४’ हा संकरित वाण एके काळी कोरडवाहू शेतकऱ्याचा आधार होता. बदनापूरच्या केंद्राने दिलेला ‘बीडीएन-७११’ हा तुरीचा वाण आमच्या शेतांत घरच्यासारखा नांदत आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून, विष्णुपुरीचे श्री गुरुगोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून आणि स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ पासून उभे आहे. पण २००२ साली देशात बीटी कापसास परवानगी मिळाली, खासगी कंपन्यांचे वाण बाजारात आले आणि पाहता पाहता ‘नांदेड-४४’ मागे पडला. त्या वाणात बीटी जनुक घालून तो पुन्हा शेतकऱ्याच्या हाती देण्यात कितीतरी हंगाम निघून गेले. वाण आमचा होता, माती आमची होती. त्या वाणास नव्या तंत्राची जोड वेळेवर देणारे भांडवल आणि त्या भांडवलास वाट दाखविणारा जाणता मनुष्य, हे दोन्ही आमच्याजवळ नव्हते. त्या चुकलेल्या वेळेची किंमत शेतकरी दर हंगामास बियाण्याच्या पिशवीमागे मोजत आला आहे.

आता नवी तिजोरी उघडली आहे. तिच्या दारी उद्या लातूरचा एखादा तरुण मळणीयंत्रात सोयाबीनचे बी फुटून उगवणशक्ती घटते त्यावरील उपाय घेऊन जाईल. कोणी २०२२ साली लातूर जिल्ह्यात कोवळी रोपे फस्त करणाऱ्या गोगलगायींवरील औषध घेऊन जाईल. कोणी २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहरासाठी भूजल मोजण्याचे साधन घेऊन जाईल. समोर बसलेल्या परीक्षकांनी संगणक-प्रणाली आणि औषध-कंपन्या यांखेरीज काही पाहिलेच नसेल, तर या तरुणास पहिला प्रश्न येईल तो असा, की बाजारात माल सहा महिन्यांत का उतरत नाही? त्या परीक्षकास कोणी सांगावे, की खरीप वर्षातून एकदाच येतो. पाऊस रुसला तर तो प्रयोगही बुडतो. आणि तीन हंगामांची साक्ष मिळाल्यावाचून शहाणा शेतकरी नव्या वस्तूस हात लावीत नाही! ज्याचे जळते त्याला कळते, ही म्हण भांडवलाच्या कारभारासही लागू आहे.

यावर कोणी म्हणेल, की तुम्ही प्रादेशिक वाटा मागत आहात. तसे मुळीच नाही. मराठवाड्याने वैधानिक विकास मंडळाचा अनुभव घेतला आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या त्या मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. नुसत्या खुर्च्यांनी प्रदेश पुढे जात नाही, हे आम्हांस पुरते ठाऊक आहे. राजकीय वशिल्याने बसविलेला आमच्याच गावचा मनुष्य आम्हांस नको. त्यापेक्षा परगावचा जाणकार शतपटीने बरा. त्याचबरोबर केवळ वैज्ञानिकांच्या हाती किल्ल्या द्याव्यात असेही आमचे म्हणणे नाही. वैज्ञानिक आपल्या कल्पनेच्या प्रेमात पडतो आणि गिऱ्हाइकाला विसरतो. म्हणूनच शास्त्र जाणणारा, धंदा केलेला आणि ज्या भूमीत ती वस्तू वापरावयाची त्या भूमीत वावरलेला, अशी तिन्ही माणसे एका मेजाभोवती बसली पाहिजेत. पहिले दोघे आता शोधले तर सापडतात. तिसऱ्याची आठवण मात्र कोणास होत नाही.

आमच्या मागण्या म्हणून स्पष्ट आहेत. सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्या प्रत्येक निधी-व्यवस्थापकाने आपल्या निवड-समितीतील सभासदांची नावे, त्यांचे शिक्षण, पूर्वीचा व्यवसाय आणि हितसंबंध जाहीर करावेत. शेती, पाणी अथवा ग्रामीण आरोग्य यांविषयीचा प्रस्ताव विचारात घेताना त्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेला एक तरी तज्ज्ञ समितीत असणे सक्तीचे करावे. परभणी, बदनापूर आणि नांदेड येथे असे तज्ज्ञ आहेत. आणि समितीने वर्षातून एकदा तरी नांदेडास अथवा लातुरास येऊन बसावे. चारशे-पाचशे किलोमीटरांचा प्रवास दर वेळी उमेदवारानेच का करावा?

एक शब्द स्वकीयांसाठीही. लातूर पॅटर्नने घडविलेली मुले दर वर्षी वैद्यकीय महाविद्यालयांत जातात आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. पण येथील डाळमिलवाले, आडते आणि नामांकित डॉक्टर यांची शिल्लक जाते कोठे? बहुतेक ती भूखंडांत जाते. आपल्याच गावच्या संशोधकावर ज्या गावाने चार पैशांचा विश्वास टाकला नाही, त्याने दिल्ली-मुंबईच्या परीक्षकांस नावे ठेवण्यात फारसा अर्थ नाही. या मंडळींनी एकत्र येऊन लहानसा का होईना, स्वतःचा निधी उभारावा आणि त्याच्या कारभारात विद्यापीठातील संशोधकांस मानाने बसवावे. आपल्या माणसांची पारख आपण स्वतः करू लागलो, म्हणजे त्या मोठ्या तिजोरीच्या मेजाभोवती बसण्यास लायक माणसेही येथूनच निघतील. तोवर शासनाने जाहीर करावयाच्या नावांची यादी आम्ही मागत राहू. आणि ती हाती आली, की तिच्यात कोरडवाहू मातीचा अनुभव असलेले नाव आहे की नाही, हे सर्वांआधी पाहू.