ग्रोमिटची भुवई

'वॉलेस आणि ग्रोमिट' म्हणजे पोराटोरांचा खेळ, असे आमच्यातील काही विद्वान म्हणतात. मला हे मुळीच मान्य नाही.

ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओचे निक पार्क यांनी घडविलेला हा वॉलेस यंत्रे शोधून काढतो. ती बिघडली की निस्तरतो त्याचा कुत्रा, ग्रोमिट. या बिचाऱ्याला तोंडच नाही! आधी त्याला बोलता करण्याचा बेत होता. पण नुसती भुवई हलविली तरी मनातले सारे कळते, हे पार्क यांच्या ध्यानी आले. पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चौकटी. त्यांसाठी ती मातीची भुवई हाताने केसभर, पुन्हा केसभर सरकवायची! पहिला चित्रपट पार्क यांनी विद्यार्थिदशेत हाती घेतला, तो १९८९ साली लोकांपुढे आला. पुढे ऑस्कर मिळाले, तरी मातीवरचे बोटांचे ठसे त्यांनी पुसले नाहीत. संगणकाने असे ठसेही उमटविता येतील म्हणतात. येतील, पण कुणाच्या बोटांचे?

२०२४ च्या चित्रपटात वॉलेस बागकामाला यंत्रमानव बनवितो, आणि तो ग्रोमिटने जपलेली बाग छाटून एकसारखी करून टाकतो. वॉलेस खूश. ग्रोमिटची भुवई तेवढी पाहावी.