'गाडी विकून टाक' म्हणणाऱ्यांना

गाडीला दहा वर्षं झाली की सल्ला देणारे वाढतात, आणि सल्ला एकच असतो : विकून टाक. ऑफिसातला मित्र देतो, मामा देतो, आणि सर्व्हिस सेंटरचा ॲडव्हायझर तर एस्टिमेट दाखवता दाखवताच 'सर, एक्स्चेंज ऑफर चालू आहे' म्हणतो. याला आपण व्यवहारज्ञान समजतो. माझ्या मते हे चोरीवरचं पांघरूण आहे. जुन्या गाडीची दुरुस्ती आपोआप महाग होत नाही. ती महाग राहील अशी व्यवस्था करून ठेवलेली आहे.

ॲडव्हायझरपासून सुरुवात करू. इस्त्रीचा शर्ट घातलेला हा माणूस मेकॅनिक नसतो, त्याला विक्रीचं टार्गेट असतं. म्हणून ऑइल बदलायला गेलेल्या गाडीच्या जॉब कार्डावर इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्शन, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग अशी पंगत बसते. डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेलं मॅन्युअल काढून मेंटेनन्सचा तक्ता बघा. यातलं किती त्यात सापडतं ते मोजा. दुसरी खोड म्हणजे बदलाबदलीची. लोअर आर्मचा रबरी बुश झिजला, की बुश नाही, अख्खा आर्म बदलायचा. बुश काढून नवा दाबून बसवायला हात लागतात, वेळ लागतो. आर्म बदलला की बिल मोठं आणि काम झटपट.

मग नाक्यावरच्या गॅरेजात जा, असं सांगणारेही असतात. त्या कथेतही मी भाबडा नाही. स्पेअर पार्टच्या दुकानाकडून कमिशन घेणारे, कंपनीच्या खोक्यात डुप्लिकेट ब्रेक पॅड आणून 'ओरिजिनलच टाकलाय साहेब' म्हणणारे तिथेही आहेत, आणि ब्रेकच्या बाबतीत ही गंमत नसते. पण या दोघांच्या लबाडीत फरक आहे. नाक्यावरचा फसवतो तेव्हा आपण दुसऱ्या नाक्यावर जाऊ शकतो. कंपनी अडवते तेव्हा सगळेच नाके बंद होतात.

कसे, ते सांगतो. माझ्या २०११च्या पेट्रोल हॅचबॅकचा एबीएसचा दिवा लागला. अधिकृत सर्व्हिस सेंटरने अख्खं एबीएस मॉड्यूल बदलायचं एस्टिमेट दिलं, गाडीच्या त्या वेळच्या किमतीच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. आमच्या गॅरेजवाल्या काकांनी मल्टिमीटर घेतला आणि एकेका चाकाच्या स्पीड सेन्सरची वायर तपासत गेले. मागच्या डाव्या चाकाची वायर कनेक्टरपाशी गंजलेली निघाली. साफ केली, जोडली, दिवा गेला. पण त्यात अख्खी दुपार गेली, कारण त्यांच्या स्कॅनरला एबीएसचा कोड वाचताच येत नव्हता. स्वस्तातला स्कॅनर इंजिनाचे प्रमाणित कोड वाचतो. एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टिअरिंग यांच्या आत शिरायला बहुतेक वेळा कंपनीचं यंत्र किंवा तसंच महागडं काहीतरी लागतं. कोणत्या चाकाचा सेन्सर गप्प झालाय हे गाडीला माहीत होतं. ते तिने कोणाला सांगायचं, हे मात्र कंपनी ठरवते. गाडीचे पैसे मी दिलेत.

बरं, कोड वाचता आला तरी काम संपत नाही. पी०४२० हा कोड घ्या. त्याचा अर्थ एवढाच की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसावा असा गाडीला संशय आहे. ऑक्सिजन सेन्सर बिघडलेला असू शकतो, एक्झॉस्टच्या पाइपाला गळती असू शकते. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, त्यामुळे तो बदलणं म्हणजे खिसा उसवणं. एरर मेसेज आणि रूट कॉज या वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्यातल्या कालच्या फ्रेशरलाही कळतं. पण सर्व्हिस सेंटरच्या सोफ्यावर बसून फुकटची कॉफी पिताना आपण ते विसरतो.

हे सगळं माझ्या डोक्यातून आलेलं नाही. ऑगस्ट २०१४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. अस्सल सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणं, पार्ट बनवणाऱ्या पुरवठादारांना ते खुल्या बाजारात विकू न देणं, बाहेर काम केलं तर वॉरंटी जाईल अशी सरसकट भीती घालणं, हे सगळं आयोगाने चुकीचं ठरवलं. कंपन्या अपिलात गेल्या. पुण्यातल्या माणसाला यातली मेख लगेच कळेल. चाकण-भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत. तिथून नाना पेठेतल्या दुकानापर्यंतचं अंतर तासा-दीड तासाचं. तेवढ्या वाटेवर करारांचं कुंपण घालता येतं.

डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ सालीच कायदा झाला, की अधिकृत डीलरला मिळते तीच तपासणीची माहिती स्वतंत्र गॅरेजलाही वाजवी दरात मिळाली पाहिजे. आपल्याकडे मात्र एप्रिल २०२२पासून १५ वर्षं झालेल्या कारच्या पुनर्नोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. जुनी गाडी ठेवणाऱ्याकडून वसुली करायची घाई आहे, ती नीट ठेवायला मदत करायची नाही. धूर ओकणारी गाडी रस्त्यावर नको, मान्य. पण धूर थांबवायला सेन्सर बदलावा लागतो, आणि सेन्सरपर्यंत मेकॅनिकचा हात पोचावा लागतो.

पुण्या-मुंबईत आपण कुरकुर करत का होईना निभावून नेतो. नाही जमलं तर कॅब आहे. तालुक्याच्या गावात सेकंड हँड गाडी घेऊन भाड्याने फिरवणाऱ्याचं काय? त्याचं अधिकृत सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी. स्टिअरिंगचा मोटर-मॉड्यूल बदलला आणि तो गाडीशी जुळवायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागलं, की गाडी टो करून न्यायची, दोन-तीन दिवसांचा धंदा बुडवायचा, वर म्हणतील ते बिल भरायचं. त्याला कोणी 'विकून टाक' म्हणून बघावं.

कंपन्यांचं ठरलेलं उत्तर सुरक्षिततेचं : माहिती उघडली तर चोर इमोबिलायझर फोडतील. ही सबब आपल्या धंद्यातल्या माणसासमोर टिकत नाही. बिघाडाचा कोड वाचणं आणि किल्लीचं प्रोग्रॅमिंग करणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. पहिली सगळ्यांना द्या, दुसरी ओळख पटवून, नोंद ठेवून द्या. रीड आणि राइट ॲक्सेस वेगळे ठेवणं हे काही रॉकेट सायन्स नाही.

आणि हे कुलूप बनवतं कोण? हिंजवडीत, बाणेरात, खराडीत बसून माझ्याच वर्गातली मुलं ईसीयूंचं सॉफ्टवेअर लिहितात. लॅपटॉपवर लिनक्सचं स्टिकर, गिटहबवर ओपन सोर्सचे गोडवे, आणि स्प्रिंटमध्ये टिकेट कसलं, तर डीलरशिवाय कोणाला डायग्नोस्टिक सेशन उघडता येऊ नये. पुढच्या रिव्ह्यूत एकाने तरी विचारावं, नुसता फॉल्ट कोड वाचायला डीलरची किल्ली कशाला? उत्तर मिनिट्समध्ये लिहून घ्यावं. बाकीच्यांनी तोवर जॉब कार्डावर सही करण्याआधी पार्ट आणि लेबर वेगवेगळे लिहून मागावेत, आणि काढलेला जुना पार्ट पिशवीत घालून घरी आणावा. तो आपलाच असतो.