गवत पेरतात?

जूनमधला वीकेंड. मैत्रिणी लोणावळ्याला भजी खायला गेल्या आणि मी माण तालुक्यात, तात्यांच्या माळावर, गवत पेरायला! हो, गवतच. मलाही वाटायचं, ते आपोआप उगवतं.

तात्या म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. २०१९च्या दुष्काळात दोन गायी घेऊन ते चारा छावणीत राहिले होते. मी तेव्हा पुण्यात बसून फोनवर ‘काळजी घ्या’ म्हणत होते. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच, चारा आपल्या रानातलाच हवा.

बी अंजन गवताचं. कुसळांचं, इतकं हलकं की मुठीत आहे की नाही कळत नाही. म्हणून ते ओलसर मातीत कालवून फेकायचं. ताजं बी नीट उगवत नाही, त्यामुळे हे गेल्या वर्षीचं, पोत्यात जपून ठेवलेलं. मी पहिली मूठ झोकात भिरकावली आणि निम्मं माझ्याच केसांत!

“वाऱ्याकडं पाठ कर की पोरी. आन् लांब न्हाय, खाली सोड.”

मग त्यावरून बाभळीची फांदी ओढायची. बी जेमतेम झाकेल, एवढीच. सेंटिमीटरभर. खोल गेलं की वर येत नाही. फांदीचं काम अर्थात माझ्याकडे. (जिमची महिन्याची फी एका सकाळीत वसूल.)

बांधावर भाकरी-ठेचा खाताना बाबांचा फोन. त्यांना हा मुरमाड माळ विकायचाय, गिऱ्हाईक तयार आहे. “तात्यांना जरा समजाव, तुझं ऐकतात.” घरातली पत्रकार मी, म्हणजे बोलण्याची अवघड कामं माझी. मी नुसतं हं-हं केलं.

तात्यांनी फोनबद्दल काही विचारलं नाही. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, “पहिलं वरीस यात जनावर सोडायचं न्हाय. मुळं धरू द्यायची. मग चार-पाच वर्सं बघाया नको.”

चार-पाच वर्षं! तात्या ७१चे. मी २८ची, आणि माझं प्लॅनिंग पुढच्या डेडलाइनपर्यंत.

संध्याकाळी एसटीत बसल्यावर बाबांना मेसेज टाकला: ‘पेरणी झाली. तात्या म्हणतात, वर्षभर तिथे कुणी पाय ठेवायचा नाही. गिऱ्हाइकानंही.’

शेवटचं वाक्य तात्यांचं नाही, माझं. बाबांचं उत्तर अजून आलेलं नाही.