पोत्यांच्या खोलीतलं विष

दसरा जवळ आला की अमडापूर परिसरात सोयाबीनची सोंगणी सुरू होते. बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातलं, बल्लाळदेवीचं हे गाव. मळणी झालेली पोती आधी ओसरीत येतात, तिथली जागा संपली की आतल्या खोलीत. भाव चढण्याची वाट पाहत ती तिथेच राहतात. कपाशीवरची फवारणी अजून संपलेली नसते, त्यामुळे अर्ध्या उरलेल्या कीटकनाशकाच्या बाटल्याही त्याच खोलीतल्या फळीवर असतात. धान्यामागे उंदीर येतो, उंदरामागे साप. आणि अनेक घरांत लेकरं त्याच खोलीत जमिनीवर गोधडी अंथरून झोपतात.

घर सुरक्षित ठेवायचं म्हटलं की आपण कुलूप, कडी आणि कॅमेऱ्याचा विचार करतो. चोरीची भीती खोटी नाही. तिच्यासाठी पोलीस ठाणं आहे, पोलीस पाटील आहे, ११२ क्रमांक आहे. पण शेतकरी कुटुंबाचा जीव घेणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी घरच्यांनीच उचलून आत ठेवलेल्या असतात. दुसरी जागा नसते, म्हणून.

देशातला कीटकनाशकांचा कायदा अशाच एका दुर्घटनेतून जन्माला आला. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे जहाल कीटकनाशक आणि खाण्याच्या वस्तू एकत्र वाहून आणल्या गेल्या, विष अन्नात मिसळलं आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. त्यानंतर १९६८ चा कायदा आला. बाटलीवरचे लाल, पिवळे, निळे, हिरवे त्रिकोण त्याच कायद्याखालच्या नियमांनी आले. लाल म्हणजे सर्वांत विषारी. पुढे २०१३ च्या जुलैत बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेतलं मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं मेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघालं. कपाशीच्या पट्ट्यात हे नाव कोणाला सांगावं लागत नाही. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढायला केंद्र सरकारला २०२३ साल उजाडलं. मधली दहा वर्षं ते दुकानात विकलं जात होतं, ही गोष्ट पचवणं कठीण आहे.

विदर्भाला तर बाहेरचं उदाहरण शोधायलाच नको. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो रुग्णालयात पोहोचले. चौकशीसाठी विशेष पथक नेमलं गेलं, राज्याने काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. चर्चा मात्र शेतातल्या फवारणीभोवतीच फिरत राहिली. फवारणारा माणूस भिजलेले कपडे घालूनच घरी येतो, ते कपडे घरच्या बाईच्या हातून इतर कपड्यांबरोबर धुतले जातात, पंप मोरीत विसळला जातो, रिकामा डबा धुऊन त्यात रॉकेल नाहीतर पाणी भरलं जातं. ही दुसरी बाधा कोणत्याच अहवालात ठळकपणे येत नाही.

मग पेटी आणा आणि कुलूप लावा, असं सांगणं सोपं आहे. लहान मुलांपासून बाटली दूर ठेवायला कुलूपबंद पेटी हवीच. पण तेवढ्याने काम भागतं का, हे श्रीलंकेत नीट तपासून झालं आहे. तिथे १८० गावांतल्या पन्नास हजारांहून अधिक कुटुंबांना सामील करून घेऊन अर्ध्या गावांत घरोघर कुलपाच्या पेट्या दिल्या. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापला: विष घेऊन जीव देण्याचं प्रमाण पेट्यांमुळे कमी झालं नाही. किल्ली घरातच असते, हे त्यामागचं साधं वास्तव असावं. त्याच देशाने १९८० च्या दशकापासून सर्वांत जहाल कीटकनाशकं एकेक करून बंद केली होती. १९९५ च्या सुमाराला शिखराला पोहोचलेला आत्महत्यांचा दर पुढच्या दोन दशकांत सुमारे ७० टक्क्यांनी उतरला, आणि बंदीमुळे शेतीचं उत्पादन कोसळल्याचं अभ्यासकांना आढळलं नाही.

बुलढाण्यासारख्या, शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या जिल्ह्याने ही आकडेवारी मनावर घ्यायला हवी. कर्जाचा तगादा येतो, घरात कडाक्याचं भांडण होतं, पोराचा निकाल बिघडतो. त्या घडीला हाताशी काय आहे, यावर पुष्कळदा जीव वाचणं अवलंबून असतं. घरच्यांनी करण्याजोगं एवढंच की हंगामाला लागेल तेवढंच औषध आणायचं, उरलेलं निजायच्या खोलीत ठेवायचं नाही, आणि कोणी गप्प गप्प राहू लागलं तर ते नजरेआड करायचं नाही. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. बाकीचं काम सरकारचं आहे. लाल त्रिकोणाचं विष बाजारातच राहिलं, तर त्याच्या राखणीचा सगळा भार एका खोलीच्या घरावर टाकणं अन्यायाचं आहे.

आता पोत्यांखालच्या सापाकडे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. घोणस बहुधा शेतात आणि कुटाराच्या ढिगाजवळ भेटते. मण्यार मात्र रात्री घरात शिरून जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिच्या दंशाने फारसं दुखत नाही, सूज येत नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोट दुखतं, उलटी होते, पापण्या जड होतात. घरचे अपचन समजून ओवा देतात आणि मोलाचे तास निघून जातात. पावसाळ्यात जमिनीवर निजलेलं माणूस पहाटे अशी तक्रार करू लागलं, तर मण्यारीची शंका आधी घ्यावी.

उपाय महागडा नाही. बाज किंवा खाट, आणि कडा गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. पोती भिंतीपासून हातभर दूर आणि लाकडी पाटांवर ठेवली तर उंदराला लपायला जागा कमी राहते. दंश झालाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यांतलं काहीच करू नये. हातपाय हलू न देता थेट चिखली, खामगाव किंवा बुलढाण्याच्या सरकारी रुग्णालयात न्यावं. प्रतिविष तिथे मोफत मिळतं. केंद्राने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचं ठरवलं आहे. तो आराखडा रात्री दोन वाजता प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दाराशी खरा ठरायला हवा.

विजेबद्दल थोडक्यात: टिनाच्या घरात उघड्या जोडाची वायर आणि कपडे वाळवायची तार शेजारी नसावी, आणि घराला अर्थिंग हवं. गळतीचा करंट जाणवताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घेतला तर उत्तमच.

अपघात घडलाच तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. सर्पदंश, विजेचा धक्का, कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा हे सारं तिच्यात येतं. शासन मृत्यूनंतर दोन लाख देऊ शकतं, तर त्याआधी एक खाट, एक मच्छरदाणी आणि गावात औषधं ठेवायला एक सामाईक, कुलूपबंद खोली का देऊ शकत नाही? अमडापूर आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा. आपल्या आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या किती कुप्या शिल्लक आहेत, हेही त्याच सभेत विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं.