डाव्या बरगडीखालचा गोळा

गेल्या पावसाळ्यात पीक नुकसानीचे पंचनामे करीत कळमनुरी तालुक्यातल्या एका वाडीवर गेलो होतो. बांधावर सात-आठ वर्षांचा पोरगा बसलेला. अंगात कणकण, डोळे पिवळट, पोट डाव्या अंगाला फुगलेले आणि त्या फुगाऱ्यावर विळा तापवून दिलेले तीन काळे डाग. "पाणथरी वाढलीय साहेब. डाग दिलाय, आता उतरंल," बाप म्हणाला. याच बापाने महिन्यापूर्वी सोयाबीनची पाने पिवळी पडली म्हणून मला दोनदा फोन केला होता आणि झाड मुळासकट उपटून तालुक्याला आणले होते. पिकाचे पान पिवळे पडले की कारण शोधायचे आणि पोराचे डोळे पिवळे पडले की डाग द्यायचा, हा हिशेब काही केल्या जुळेना.

माझा डिप्लोमा शेतीचा, डॉक्टरकीचा नव्हे. पण त्या दिवसापासून दवाखान्यातल्या जाणकारांना विचारून आणि वाचून जे समजले, ते शेतकरी बांधवांपुढे ठेवतो.

पाणथरी म्हणजे प्लीहा. पोटाच्या डाव्या बाजूला, खालच्या बरगड्यांच्या आड असणारा मुठीएवढा अवयव. मोठ्या माणसात त्याचे वजन साधारण दीडशे ग्रॅम. रक्तातल्या जुन्या, मोडक्या तांबड्या पेशी गाळून काढणे आणि रोगजंतूंशी लढणे हे त्याचे काम. फवारणीच्या पंपाची जाळी असते ना, तसेच समजा. गाळ जास्त आला की जाळी तुंबते, तशी पाणथरी फुगते. निरोगी माणसाची पाणथरी सहसा हाताला लागतच नाही. बरगडीखाली ती लागू लागली, तर ती बरीच वाढली असे समजावे. म्हणजे पाणथरी वाढणे हा स्वतंत्र रोग नव्हे, दुसऱ्या कुठल्यातरी रोगाची ती खूण आहे. डाग दिल्याने कातडी जळते, आतला रोग जागचा हलत नाही. उलट जखम चिघळते ती वेगळीच.

डाव्या बाजूला जडपणा, थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटणे, कधी डाव्या खांद्यापर्यंत जाणारी कळ, फिकेपणा, थकवा ही लक्षणे. जेवून लगेच पळाले की बरगडीखाली जी उसण भरते, ती मात्र पाणथरीची नव्हे. तिला घाबरू नये.

जुन्या काळी पाणथरी म्हटले की हिवताप. ताप पुन्हा पुन्हा येई, पेशी फुटत, पाणथरी वाढत जाई. १८४० च्या दशकात यमुनेच्या कालव्यांमुळे ताप वाढतो काय हे पाहायला इंग्रज सरकारने समिती नेमली. तिच्यातले सर्जन डेम्पस्टर गावोगाव लोकांची पोटे चाचपत फिरले, विशेषतः पोरांची. किती जणांची पाणथरी हाताला लागते, हेच त्यांचे माप. १८४७ चा अहवाल आपल्या आजच्या कामाचाच आहे: पाण्याचा निचरा नव्हता त्या गावांत वाढलेल्या पाणथऱ्या जास्त निघाल्या. डासांचा संबंध तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. तो पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना सापडला, म्हणजे आपले हिंगोली ज्या निजामाच्या राज्यात होते त्याच राज्यात.

आज आपल्याकडे सिद्धेश्वर आणि इसापूरचे पाणी आहे, हळदीला बारमाही ओल आहे, गावोगाव शेततळी झाली आहेत. पाणी हवेच, त्याबद्दल दुमत नाही. पण चारीच्या कडेला साचलेले डबके पिकाच्या मुळालाही वाईट आणि पोरांनाही वाईट. शेततळ्यात गप्पी मासे सोडावेत, ते हिवताप विभागाकडून मिळतात. घरचे रांजण-टाक्या आठवड्यातून एक दिवस कोरड्या कराव्यात, कारण अंड्यापासून डास तयार व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. थंडी वाजून ताप आला तर आशाताईंकडे बोटाच्या थेंबावर तपासणी होते. गोळ्यांचा कोर्स मात्र पुरा करावा. दोन दिवसांत ताप उतरला की आपली माणसे उरलेल्या गोळ्या कोनाड्यात ठेवतात, आणि ताप पुन्हा येतो.

पण हिवताप आता पूर्वीइतका राहिला नाही. म्हणून पोराची पाणथरी वाढलेली दिसली की दुसरा प्रश्न विचारायलाच हवा: सिकलसेल तर नाही? यात तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते, लवकर मोडते, बारीक नसांत अडकते. हातपाय ठणकतात, डोळे पिवळे होतात, रक्त कमी पडते. आदिवासी समाजात हा आजार जास्त आढळतो आणि कळमनुरी, औंढा भागात आंध समाजाची वस्ती मोठी आहे. पण इतर समाजांतही तो आहे, तेव्हा बोट दाखवायचे कारण नाही. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. नुसत्या वाहकाला सहसा त्रास नसतो, उलट जीवघेण्या हिवतापापासून थोडे संरक्षणच मिळते. हिवतापाच्या मुलखात हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो त्यामुळेच.

सिकलसेलच्या लहान लेकरात पाणथरी काही तासांत रक्ताने भरून फुगू शकते. लेकरू पांढरेफटक पडते, मलूल होते. तेव्हा सकाळची वाट पाहू नये, तसेच उचलून मोठ्या दवाखान्यात न्यावे. अशा लेकराच्या आईला डाव्या बरगडीखाली हात ठेवून पाहायला शिकवतात. शिकायला फार वेळ लागत नाही. कालवडीच्या कासेला हात लावून दगडी ओळखणाऱ्या बायका आहेत आपल्या.

दारूने यकृत खराब झाले की पाणथरी वाढते, तेही सांगितले पाहिजे. अशा माणसाला रक्ताची उलटी होऊ शकते. टायफॉइड, क्षय, रक्ताचा कर्करोग ही आणखी कारणे. म्हणून रक्ततपासणी आणि सोनोग्राफीशिवाय कुणीही, मीसुद्धा, नुसते पाहून निदान सांगू नये.

वाढलेली पाणथरी साध्या माराने फुटते. १८७६ साली आग्र्याला फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारले, तो पाणथरी फुटून मेला आणि फुलरला दंड झाला तीस रुपये. शिक्षा फार हलकी म्हणून व्हाइसरॉय लिटन यांनीच नाराजी लेखी कळवली. आपल्याकडे बैलाचे शिंग आहे, ट्रॅक्टरवरून पडणे आहे. डाव्या कुशीला मार बसून चक्कर, घाम, डाव्या खांद्यात कळ आली, तर जखम दिसत नाही म्हणून घरी झोपवू नका. आत रक्तस्राव होत असतो.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत चहा आणि सह्या याखेरीज हा विषय एकदा घ्यावा. केंद्राची सिकलसेल मोहीम जुलै २०२३ पासून सुरू आहे, तपासणीला पैसे पडत नाहीत. सोयरीक जुळवताना पत्रिका पाहतात, तिथे ही चिठ्ठीही पाहावी. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची तपासणी दसऱ्याच्या आत उरकावी, नंतर गावात कुलूप असते.

त्या वाडीवरच्या पोराला आरोग्य केंद्रात नेले. हिवताप निघाला नाही, सिकलसेल निघाला. आईबाप दोघे वाहक. आता त्याला गोळ्या सुरू आहेत, शाळेत जातो. धाकट्या बहिणीची तपासणी राहून गेली, कारण दिवाळीनंतर सगळे घर कोयता घेऊन निघून गेले. तिचे नाव आशाताईंच्या वहीत लाल शाईने लिहून ठेवले आहे.