मोडेम घेण्यापूर्वीं घराची भिंत पाहावी

घरांत इंटरनेट नीट चालत नसेल तर तालुक्याच्या पेठेंतून अधिक किमतीचा मोडेम आणावा म्हणजे काम झालें, अशी एक समजूत हल्लीं आमच्या भागांत पसरली आहे. ही समजूत आमच्या मतें चुकीची असून तिच्यापायीं पुष्कळ खातेदारांचे पैसे व्यर्थ जात आहेत. त्यांत आमचेही गेले, हें आरंभींच कबूल करतों.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करीत होतों तेव्हां उताऱ्यासाठीं लोक आमच्या टेबलापाशीं तिष्ठत. आतां डिजिटल सहीचा सात-बारा घरबसल्या निघतो. इ.स. २०२१ च्या खरिपापासून पीकपाहणीही खातेदारानेंच मोबाइलवर नोंदवावयाची झाली. सोय मोठी खरी. परंतु पूर्वीं कारकून जागेवर नसला तर दुसऱ्या दिवशीं भेटे, मुदत संपलेलें संकेतस्थळ मात्र भेटत नाहीं. पीकविम्याच्या अर्जाची एक शेवटची रात्र आम्हीं माजघरांत पडद्यावरील फिरतें चाक पाहण्यांत काढली. बारा वाजून गेले. त्या वर्षीं आमच्या सोयाबीनचा विमा उतरला नाहीं, आणि नेमकें त्याच वर्षीं काढणीला पाऊस आला.

तेव्हां आम्हीं रागानें चार शिंगांचा नवा मोडेम आणला. दुकानदार म्हणाला, शिंगें जितकीं अधिक तितकी ओढ अधिक. तो माजघरांत ठेविला, कारण विजेची खुंटी तेथेंच होती. फरक कांहींच पडला नाहीं. पुढें पुतण्यानें दाखविलें कीं, तीं शिंगें केवळ घरांत वायफाय पसरविण्याचीं होतीं. मनोऱ्याकडून येणाऱ्या लहरींशीं त्यांचा संबंधच नव्हता.

मुख्य गोष्ट ही कीं, येथें दुखणीं दोन आहेत. मनोऱ्यापासून मोडेमपर्यंत लहर न पोंचणें हें एक, आणि मोडेमपासून खोलीपर्यंत वायफाय न पोंचणें हें दुसरें. एकाचें औषध दुसऱ्यास लागू पडत नाहीं. मोडेमच्या स्वतःच्या पानावर ‘आर.एस.आर.पी.’ नांवाचा आंकडा असतो. तो उणे चिन्हाचा असतो, म्हणून कर्जासारखा वाचावा: जितका लहान तितका बरा. उणे ८० च्या आसपास असल्यास उत्तम. उणे ११० च्या पलीकडे गेल्यास हाल. आमच्या माजघरांत तो उणे ११२ होता. तोच मोडेम माडीवरच्या पश्चिमेच्या खिडकींत ठेवितां उणे ९१ झाला. ऐकावयास हा फरक थोडा वाटतो, पण हिशेबानें लहरीचें बळ शंभरपटीहून अधिक वाढलें. दोन हात रुंदीची काळ्या दगडाची भिंत आणि वर लोखंडी पत्रा. लहर आंत येणार कोठून?

आतां खरेदीविषयीं. ढोल दूरच्या वाडीवर, बंद दाराआडही ऐकूं येतो, ताशा तितका येत नाहीं. लहरींचेंही तसेंच आहे. ७००, ८५० वा ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी दूर जातात व भिंत बऱ्या भेदतात. २३०० वा ३५०० च्या वेगवान, पण लवकर थकणाऱ्या. म्हणून मनोरा दूर असेल तर आपल्या कंपनीचे खालचे पट्टे मोडेम घेतो कीं नाहीं, हें खोक्यावर पाहावें. बाहेरचा अँटेना जोडण्यास पेंचाचीं दोन तोंडें असावींत, केबलचें तोंड असावें, आणि कोणत्याही कंपनीचें सिमकार्ड चालावें. एकाच कंपनीला बांधलेला मोडेम म्हणजे एकाच अडत्याला बांधलेला माल. ५जी भारतांत १ ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झालें. आपल्या गांवांत तें फोनवर दिसत नसेल तर त्यासाठीं अधिक दाम मोजूं नये. सायंकाळीं सारा गांव एका मनोऱ्यावर तुटून पडतो, त्यावर मात्र कोणत्याच मोडेमचा इलाज नाहीं.

घरांतल्या वायफायसाठीं आम्हीं माडीवरून वीस मीटर केबल खालीं आणून माजघरांत साधा राउटर लाविला. अशी केबल शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणजे गोठ्यापर्यंतही नेतां येईल. त्यांत २.४ गिगाहर्ट्‌झ व ५ गिगाहर्ट्‌झ असे दोन पर्याय असतात. जाड भिंतींच्या घरांत पहिलाच उपयोगी. मोडेम अगदीं पत्र्याखालीं ठेवूं नये, वैशाखांत तापून बंद पडतो. छपरावर खांबाला अँटेना लावणाऱ्यानें वळवाच्या विजेचा विचार करून जमिनींत अर्थिंग अवश्य द्यावें. आणि ‘सिग्नल बूस्टर’ म्हणून जी पेटी कोणी गुपचूप विकतो ती घेऊं नये. परवान्यावांचून ती वापरणें बेकायदा आहे, शिवाय तिनें शेजाऱ्यांचे फोन बिघडतात.

कोणी म्हणेल, फोनवरूनच काम भागतें, मग हा खटाटोप कशाला? ज्यांचें भागतें त्यांनीं खुशाल भागवावें. परंतु फोन घेऊन मुलगा शेतावर गेला म्हणजे घरच्यांनीं काय करावें?

आमची सूचना इतकीच कीं, संघानें एक चांगला मोडेम व निरनिराळ्या कंपन्यांचीं सिमकार्डें आपल्या कार्यालयांत ठेवावींत आणि सभासदांस दोन-दोन दिवस परीक्षेसाठीं द्यावींत. माती तपासल्यावांचून खत घालूं नये असें संघ आम्हांस नित्य सांगतो. खरिपाच्या विम्याची मुदत येण्यापूर्वीं ही व्यवस्था व्हावी, यासाठीं येत्या सभेंत आम्ही तसा ठराव मांडणार आहों.