पात्रतेची परीक्षा आणि वर्गातील कसोटी

शिक्षक पात्रता परीक्षेविषयी १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने प्राथमिक शिक्षकवर्गात अस्वस्थता पसरली. ज्यांच्या निवृत्तीला ५ वर्षांहून अधिक अवधी आहे, त्यांनी २ वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असा त्याचा आशय. वीस-पंचवीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेल्यास परीक्षेला बसविणे अवमानकारक आहे, हा आक्षेप समजण्याजोगा असला तरी पटणारा नाही. इतरांची परीक्षा घेणाऱ्यास परीक्षेचे वावडे का असावे? मात्र २०१९-२० च्या याच परीक्षेतील गुणांच्या फेरफारापायी २०२२ मध्ये ७,००० हून अधिक उमेदवारांवर कारवाई करावी लागली, हेही विसरता येत नाही.

शिवाय कागदावरचे गुण वर्गात कितपत उपयोगी पडतात? सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पावसाची झड थांबत नाही आणि माण-खटावचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. सांगलीतही शिराळा हिरवागार, जत-आटपाडी कोरडे. असे का? ‘पर्जन्यछाया’ची व्याख्या उतरवून देणे सोपे. सह्याद्री चढताना हवा थंडावते व पाऊस पडतो, पूर्वेकडे उतरताना तीच हवा तापून कोरडी होते, हे उमगलेला शिक्षकच मुलाच्या पुढच्या प्रश्नाला सामोरा जाऊ शकतो. आणि तेवढ्यानेही भागत नाही. तालुक्यांच्या पावसाचे आकडे मुलांकडूनच मांडून घेऊन तो प्रश्न त्यांच्या तोंडून वदविणे, ही अध्यापनाची कला. १/२ + १/३ = २/५ असे लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर फुली कोणीही मारील; अंश-छेद हे त्याला दोन सुटे आकडे वाटतात, हे ओळखायला गणित आणि मूल दोन्ही कळावे लागते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९३५ मध्ये साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले. खेड्यात शाळा हवी, तर त्याआधी शिक्षक घडला पाहिजे, हा त्यातील विचार. पुढे राज्यात डी.एड. महाविद्यालयांचे पेव फुटले आणि अनेक ठिकाणी सराव पाठ हा तक्ते टांगण्याचा सोपस्कार उरला.

केंद्रनिहाय शिक्षण परिषदा आजही भरतात. तेथे परिपत्रकांचे वाचन आवरते घेऊन एका शिक्षकाने प्रत्यक्ष मुलांसमोर पाठ घ्यावा, सहकाऱ्यांनी त्यावर निःसंकोच बोलावे. सातारा-सांगलीने याचा आरंभ करावा.